काय खाल्लं होतंस?

मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, सांगलीला. मे महिना, मुहूर्त बारा छत्तीसचा. कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात, वधूपक्षाच्या खोलीबाहेर, केळीच्या पानांचे भारे आणि फुलांच्या टोपल्या ठेवल्या होत्या. तिथेच एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी बोट टोचलं. अक्षता पडल्यावर पंगत लगेच बसेल की आहेर उरकून बसेल, याचा अंदाज घेण्याआधी आपली साखर कुठे आहे ते कळलेलं बरं. मीटरवर आकडा आला २६८. शेजारी थोरल्या मामी गजरा माळत बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "अगंबाई, एवढी? काय खाल्लं होतंस सकाळी?" मी म्हटलं, "काही नाही हो मामी, घरून आणलेली दोन मुगाची धिरडी. चहासुद्धा बिनसाखरेचा." मामींनी मान हलवली आणि गजऱ्याला पिन लावली. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

माझ्या दृष्टीने तो संपला नाही. परतीच्या एसटीत कराड गेलं, सातारा गेलं, तरी ते वाक्य मनात टोचत राहिलं. मामींचं नव्हे, माझं. 'बिनसाखरेचा' हा शब्द मी ज्या घाईने पुढे केला ती घाई. कुणी न मागता साक्षीदार उभा करावा लागतो, ते आरोप आधीच ठेवलेला असतो म्हणून. मामींच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बारा वर्षांची असताना मला टाइप १ मधुमेह झाला, तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्या तोंडून ऐकलाय की तो कानावर पडला की आतलं काहीतरी आपोआप सावरून बसतं.

खरं तर त्या दिवशी २६८ यायला कारणं कितीतरी होती. आदल्या रात्री मेंदी काढणाऱ्या मुलींच्या गराड्यात झोपायला दोन वाजले होते, आणि झोप कमी झाली की इन्शुलिनचा जोर दुसऱ्या दिवशी कमी पडतो. पाळी दोन दिवसांवर आली होती. त्या आठवड्यात मला नेहमीपेक्षा जास्त युनिट लागतात. इन्शुलिनचं पेन पर्समध्ये होतं आणि पर्स सकाळभर बंद गाडीत, सांगलीच्या उन्हात. सकाळचं इन्शुलिन पोटाच्या डाव्या बाजूला घेतलं होतं, तिथली कातडी वर्षानुवर्षं टोचून राठ झाली आहे. शिवाय लग्नघर, सनई, गर्दी, ओळखीपाळखीच्या चौकश्या. या सगळ्याने अंगात जी धांदल उडते तीही साखर वर ढकलते. यातलं नेमकं कोणतं? एकच की सगळी मिळून? मला आजही सांगता येणार नाही. आणि मीटरचं म्हणाल, तर चांगल्या मीटरलाही आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभराच्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांची मुभा असते. म्हणजे माझे २६८ हे खरे २३५ असू शकतात, किंवा ३१०ही. धिरड्यांचा वाटा त्यात असेल तर असेल. पण विचारलं गेलं ते फक्त धिरड्यांबद्दल.

मी मूळची कराडची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, घर कृष्णेच्या अंगाला. १९८६ च्या पावसाळ्यात मी वाळत चालले. तहान इतकी की रात्री उठून माठातलं पाणी तांब्यानेच तोंडाला लावायची. ताप नाही, खोकला नाही, नुसती हाडं दिसायला लागली. मिरजेला नेलं तेव्हा मी जवळजवळ शुद्धीत नव्हते. तिथून घरी आले ती काचेची सिरिंज, सुयांची डबी, इन्शुलिनची बाटली आणि बेनेडिक्ट सोल्युशनची एक मोठी निळी बाटली घेऊन. घरात रक्तातली साखर तपासायचं यंत्र असतं हे तेव्हा आम्हाला माहीतही नव्हतं. आम्ही लघवी तपासायचो. आई सकाळी अंघोळ करून, देवपूजेच्याही आधी, परीक्षानळीत ५ मिलिलिटर निळं द्रावण घ्यायची, ड्रॉपरने मोजून ८ थेंब लघवी टाकायची आणि चिमट्यात धरून नळी स्टोव्हवर उकळायची. नळीचं तोंड भिंतीकडे, कारण ती कधीकधी उसळायची. मग रंग. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी. पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. विटकरी रंग आला की आई नळी खिडकीशी नेऊन उजेडात पुन्हा पाहायची, जणू दुसऱ्यांदा पाहिल्याने तो बदलेल. स्टोव्हच्या रॉकेलचा वास आणि त्या उकळत्या नळीचा उग्र वास यांचं जे मिश्रण घरात पसरायचं, ते मला अजून ओळखता येईल.

निळ्या रंगाचा आम्हाला किती आनंद व्हायचा! फार पुढे, पुण्यात आल्यावर, एका डॉक्टरांनी मला समजावलं की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे निळा रंग १७० लाही येतो, ९० लाही येतो, आणि ४० लाही येतो. शिवाय रात्रभर साठलेल्या लघवीत दिसते ती गेलेल्या तासांची साखर, आत्ताची नव्हे. ज्या निळ्या सकाळी आई निश्चिंत होऊन मला ठरलेलं इंजेक्शन द्यायची, त्यातल्या काही सकाळी मी आधीच खाली घसरत असणार. शाळेच्या प्रार्थनेत मला घाम फुटायचा, समोरच्या बाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द लागायचे नाहीत, त्या दिवसांचा उलगडा मला असा वीस वर्षं उशिरा झाला. आईला मी तो सांगितला नाही. सांगून तिच्या हाती काय लागलं असतं?

तिच्या वाट्याला आधीच खूप आलं होतं. कराड म्हणजे उसाचा मुलूख. आजोळी गुऱ्हाळ होतं, काकवी कॅनमधून यायची. मला साखरेचा आजार झाला म्हटल्यावर भेटायला येणारी प्रत्येक बाई हळहळून एकच म्हणायची, "लहानपणी फार गोड घातलंत हो पोरीला." टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्याचा काकवीशी काही संबंध नसतो, हे त्या बायकांना माहीत नव्हतं आणि आईलाही नव्हतं. ती गप्प बसायची. त्या वर्षी संक्रांतीला तिने घरात तिळगूळ केला नाही, धाकट्या भावासाठीसुद्धा नाही. 'काय खाल्लं' या प्रश्नाने त्या काळात माझ्यापेक्षा तिला जास्त कापलंय. आणि तरी, आजतागायत, तिने तो मला एकदाही विचारलेला नाही. फोनवर ती विचारते, "किती आली?" मी आकडा सांगते. मग म्हणते, "बरं. जेवलीस का?" आकडा ५० असो, ३०० असो, त्यानंतर "जेवलीस का" हेच येतं.

हा प्रश्न जुना आहे, आणि एके काळी तो अगदी योग्यही होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. इन्शुलिन नव्हतं तेव्हा अन्न तोडणं एवढा एकच उपाय डॉक्टरांच्या हातात होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर मधुमेही मुलांना अक्षरशः उपाशी ठेवून काही महिने, कधी एखाददोन वर्षं जगवत. त्यांच्या १९१९ मध्ये छापलेल्या नोंदींत बारा वर्षांच्या एका मुलाची हकिकत आहे. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती. खाणं मोजूनमापून, तरी लघवीत साखर येतच राहिली. कुठून येते? विचारलं तर तो नाही म्हणायचा. बऱ्याच दिवसांच्या नकारानंतर त्याने कबूल केलं. खोलीतल्या पिंजऱ्यात, त्याच्याच हट्टाखातर आणून दिलेला, एक कॅनरी पक्षी होता. त्याचे दाणे तो खायचा. आणि दात घासायची पेस्ट खायचा. तो मुलगा वाचला नाही. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चाचपडत पिंजऱ्याच्या दाराशी गेलेला त्याचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ११ जानेवारी १९२२ ला, टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी तयार केलेला इन्शुलिनचा अर्क टोचला. मुलाचं वजन होतं २९ किलोच्या आसपास. पहिल्या इंजेक्शनने फार काही साधलं नाही, उलट टोचल्या जागी गळू झालं. त्यांचे सहकारी जेम्स कॉलिप यांनी तो अर्क आणखी शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा टोचला, आणि साखर उतरली. लिओनार्ड त्यापुढे तेरा वर्षं जगला. पण त्याच हिवाळ्यात कॉलिपच्या प्रयोगशाळेतले ससे हाच अर्क टोचल्यावर आचके देऊन पडत होते आणि ग्लुकोज दिल्यावर उठून बसत होते. म्हणजे ज्या औषधाने मुलं जगली, त्याच्या पहिल्या दिवसांपासून साखर फार खाली जाण्याची भीती त्याच्या सोबत आहे. १९२२ नंतर अन्न हा एकटा गुन्हेगार उरला नाही. पण चौकशीची पद्धत तीच राहिली.

निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन कसं देतं ते आमच्या भागात शेतीच्या भाषेत पटकन कळतं. ते ठिबक आहे. मिनिटामिनिटाला मुळाशी थेंब, ओल पाहून कमी-जास्त. आम्ही टोचतो ते पाटाचं पाणी. एकदा दारं फोडलं की पाणी सरीतून निघालं, आता पीक तहानलेलं असो की नसो. जेवण उशिरा झालं, भात कमी गेला, पोराच्या मागे जिना चार वेळा चढला, तरी टोचलेले युनिट परत घेता येत नाहीत. आणि ते किती वेगाने पोचतील याचीही खात्री नाही. पोटातून लवकर, मांडीतून सावकाश. मांडीत टोचून चालायला गेलं तर मांडीतूनही लवकर. गरम पाण्याने अंघोळ केली तर आणखी लवकर. एकाच जागी टोचत राहिलं तर कातडीखाली चरबीच्या मऊ गाठी होतात. तिथे सुई दुखत नाही, म्हणून हात आपसूक तिकडेच वळतो. आणि तिथून इन्शुलिन कधी मुरतं, कधी नुसतं पडून राहतं. आमच्या डॉक्टर बाई दर खेपेला पोट उघडं करायला लावून चार बोटांनी हळूहळू चाचपतात. कणिक मळताना आत राहिलेली गुठळी बोटाला लागावी तसं काहीतरी त्यांच्या बोटाला लागतं आणि त्या बॉलपेनने तिथे गोल काढतात. "इथे तीन महिने नाही." मी घरी येऊन आरशात ते निळे गोल पाहते.

२००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार जवळचा वाटतो. टाइप १ च्या ५४ रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी तोच डोस त्याच पद्धतीने मांडीत देऊन त्याचा परिणाम मोजला. एकेका गटाला एकेक प्रकारचं इन्शुलिन. खाण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. तरीही एकाच माणसात दिवसागणिक पडणारा फरक जुन्या, दुधाळ एनपीएच इन्शुलिनमध्ये ६८ टक्के निघाला, नंतर आलेल्या ग्लार्जिन इन्शुलिनमध्ये ४८, डेटेमिरमध्ये २७. तोच माणूस, तीच मांडी, तेच युनिट. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. आनंदाचं की रागाचं, ते ठरवता येईना. शाळेत आणि कॉलेजात मी तेच दुधाळ इन्शुलिन घेत होते. बाटली तळव्यांमध्ये धरून हलकेच फिरवायची, खाली बसलेला पांढरा गाळ सारखा मिसळेपर्यंत, मग ४० युनिटची लाल टोपणाची सिरिंज. रोज तीच भाकरी, तोच डबा, तीच वेळ. तरी सोमवारी ११०, मंगळवारी २९०. आणि दर मंगळवारी आम्ही सगळे मिळून माझ्या डब्याची उलटतपासणी करत होतो.

रात्री तीनची घसरण ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ती सांगणं कठीण आहे. आधी स्वप्न बिघडतं. मग जाग येते आणि अभ्रा ओला लागतो. ओठांभोवती मुंग्या, हाताला कंप. स्वयंपाकघर कुठे आहे ते माहीत असतं, पण तिथवर जायचं म्हणजे काय काय करायचं याचा क्रम लागत नाही. दिवा, डबा, चमचा. तीन चमचे साखर पाण्यात. ती विरघळायला थांबवत नाही, दाण्यांसकटच गिळली जाते. मग पंधरा मिनिटं थांबायचं. ही पंधरा मिनिटं माझ्या मते या आजारातलं सगळ्यात अवघड काम आहे. साखर पोटात गेलेली असते, पण मेंदूला अजून पोचलेली नसते, आणि तो ओरडत असतो: खा, खा, खा. चिवड्याचा डबा, शेंगदाण्याचा लाडू, शिळी पोळी, दिसेल ते. नियम ठाऊक असून कितीदा तरी हात डब्यात जातोच, कारण त्या वेळी नियम ठाऊक असणारी बाई तिथे नसतेच. सकाळी २४० येते. ती २४० कुणाला दिसली की पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी उत्तर खरोखर 'लाडू' असतं. पण त्या लाडवाला जिभेचं चोचलं म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी आवडतं म्हणण्यासारखं आहे.

नवरा माझ्याआधी ओळखतो. झोपेत पाठीवर हात गेला आणि पाठ गार लागली की तो उठतोच. त्याच्यामुळे मी किती रात्री तरून गेले असेन त्याची मोजदाद नाही. पण याच प्रेमाची एक दुसरी बाजू आहे आणि ती आम्हा दोघांनाही माहीत आहे. साखर उतरली की मला राग येतो, विनाकारण, भांडी आपटण्याइतका. त्यामुळे मी कधीही चिडले की त्याचं पहिलं वाक्य येतं, "तू आधी शुगर बघ." बघते. कधी ५८ असते, तो बरोबर असतो, मी मुकाट्याने ग्लुकोज घेते. कधी १३० असते. तेव्हा राग माझाच असतो, त्याला कारणही असतं, पण तोवर त्याची धार गेलेली असते आणि मुद्दा मीटरपाशी सांडून गेलेला असतो. यावर आम्ही बोललो आहोत. उपाय सापडलेला नाही.

आता दंडावर सेन्सर आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, चौदा दिवस चिकटून राहणारा, खिशाला जड. तो रक्तातली नव्हे तर पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर वाचतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. तरी फोनवर दिवसभराची रेघ दिसते. पहिल्या आठवड्यात मी ती रेघ तासन् तास पाहिली. चाळीस वर्षं मी एकेक ठिपका पाहून त्यांच्यामधलं सगळं मनाने रचत आले होते. आता दिसलं की पहाटे चारनंतर, मी गाढ झोपेत असताना, अन्नाचा कणही पोटात जात नसताना, रेघ आपोआप वर चढते. अंगाला जागं करणारी संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात. पहाटेची ही चढण पुस्तकांत आहेच, पण स्वतःची दिसणं वेगळं. पुरणपोळीची चढण वरण-भातासारखी तासाभरात येत नाही, तुपामुळे ती दुपार उलटल्यावर येते आणि संध्याकाळपर्यंत मुक्काम करते. एकादशीच्या साबुदाण्याची चढण सरळ भिंतीसारखी. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ७ आलं की सगळे शाबासकी देतात, आणि ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. पण ती सरासरी १५० च्या सपाटीवरून येते तशी ५० आणि २८० च्या मधल्या हेलकाव्यांतूनही येते. रेघेने मला हे दाखवलं. तिने शांतताही थोडी नेली. लेकीच्या फोनवरही ती रेघ दिसते. ती कॉलेजातून मेसेज करते, "आई, बाण खाली," म्हणजे साखर उतरतेय. तिच्या प्रेमाने डोळे भरतात, आणि त्याच क्षणी असंही वाटतं की माझ्या रक्तातलं काही तरी फक्त माझं असावं.

आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, एक अकरा वर्षांची मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिचं निदान झालं; उलट्या आणि धाप घेऊन थेट अतिदक्षता विभागात. जानेवारीत तिची आई माझ्याकडे वही घेऊन आली. सुबक रकाने आखलेले: तारीख, वेळ, साखर, युनिट, आणि शेवटचा रकाना लाल पेनने, 'काय खाल्लं'. पहिल्या महिन्याची पानं ३१०, ८८, २४५, ६२ अशी धावत होती. नंतरची पानं एकदम शांत. १४०, १३५, १५०, १४५. ताई, म्हणाली, आता इतकी छान येतेय तर रात्री ती घामाने का भिजते? डॉक्टरांनी मीटरची मेमरी पाहिली तेव्हा उलगडलं. वहीत १४० होते तिथे मीटरमध्ये ३०४ होते, आणि काही ठिकाणी ५१. पोरीने आकडे बदलले होते. खोटारडी म्हणून नव्हे. खरा आकडा सांगितला की आईचा चेहरा कसा होतो आणि आजी काय विचारते, ते तिला पाठ झालं होतं. तिने त्यांचे चेहरे सांभाळले, आणि डोस ठरत राहिले त्या बनावट आकड्यांवर.

मला पिंजऱ्यापाशी चाचपडणारा तो मुलगा आठवला.

मी तिच्या आईला दोष दिला नाही. त्या बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून कुणाला देववेल? तिच्यात मला माझी आई दिसत होती, खिडकीशी नळी घेऊन उभी. आम्ही तिघींनी बसून वही पुन्हा आखली. 'काय खाल्लं' हा रकाना ठेवला, कारण भाताची वाटी मोजणं लागतंच, पण तो मधे घेतला आणि लाल पेन काढून टाकलं. त्याच्या शेजारी बाकीचे आले: कुठे टोचलं, झोप किती, सर्दी-ताप, खेळ. मुलीने स्वतः आणखी एक मागून घेतला, 'भांडण'. आजीला मी वेगळं बसवून सांगितलं की आकडा कितीही आला तरी पहिली पाच मिनिटं काही विचारायचं नाही, फक्त काय करायचं ते करायचं. आजी म्हणाल्या, "मग आम्ही बोलायचं तरी काय?" मी त्यांना माझ्या आईचं सांगितलं.

फेब्रुवारीअखेर वहीत एक गोष्ट दिसायला लागली. घामाच्या रात्री बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी होत्या. त्या दिवशी शाळेत संध्याकाळी खो-खोचा सराव असतो. खेळलेले स्नायू पुढचे कितीतरी तास रक्तातून साखर ओढून घेत राहतात, त्यामुळे खेळताना काही होत नाही आणि मध्यरात्री होतं. डॉक्टरांनी त्या दोन रात्रींचा डोस कमी करून दिला, झोपताना दूध आणि अर्धी पोळी सांगितली. मुलगी खो-खो सोडायला तयार नव्हती आणि कुणी तिला तसं म्हटलंही नाही. मंगळवार-शुक्रवारच्या रात्री आता बऱ्याच सुरळीत जातात. गुरुवारी सकाळी मात्र गेले तीन आठवडे साखर २२० च्या वर येतेय. काल तिघी मिळून वही पाहिली, अजून काही सापडलेलं नाही.